चित्राची मागची बाजू

धाकटीनं कलेचा इतिहास घेतला तेव्हा आत्या पोट धरून हसली होती. "चित्रं बघायला विद्यापीठात कशाला जायचं? डोळे आहेत की!" पण बाबा हट्टाला पेटले. कारण होतं दिवाणखान्यातलं ते नदीचं चित्र. आजोबा एका नामांकित चित्रकाराची गाडी चालवायचे. "त्यानं ते माझ्यासमोर काढलं आणि मला दिलं," असं आजोबा सांगत. आत्या म्हणे, सगळ्या थापा. बापाला खोटारडा म्हटलेलं बाबांच्या जिव्हारी लागे. धाकटी शिकेल आणि आत्याचं तोंड बंद करेल, एवढीच त्यांची आस. "शिकून होईपर्यंत चित्राला हात लावायचा नाही," अशी तंबीच होती.

निकाल लागला त्या दिवशी त्यांनी स्वतः स्टूल धरलं. "उतरव. आता तू सांगशील ते खरं."

धाकटीनं चित्र टेबलावर पालथं घातलं. त्यांना शिकवतातच तसं, आधी पाठ बघायची. लाकडी चौकटीवर दुमडलेल्या कापडाच्या कडेपर्यंत वार्निश पोचलं नव्हतं. तिथं तिनं भिंग धरलं. आणि काय सांगावं, इतकी वर्षं जे नुसतं पुस्तकात वाचलं ते साक्षात डोळ्यांपुढे! पोरगी हरखूनच गेली.

"बाबा, ठिपके! हे बघा! छापील आहे हे, कापडावर छापून वरून वार्निश मारलंय! कसलं पटकन ओळखलं मी!"

बाबांनी भिंग घेतलं. बराच वेळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "चांगलं शिकवलंय गं तुला."

तेव्हा कुठं तिला भान आलं. अगं मूर्ख मुली, कुणाला सांगतेयस हे? पण आता बोलून बसली होती.

चित्र मुकाट्यानं पुन्हा भिंतीवर गेलं. रविवारी आत्या आली. चहाचा कप घेत म्हणाली, "मग? काय म्हणतंय तुमचं घबाड? आता तज्ज्ञ बाई आहेत घरात!"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"अस्सल आहे," धाकटी म्हणाली. "मी स्वतः तपासलंय. आजोबा खरंच सांगत होते."

आत्या कप ठेवून चित्रासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. "दादा, जन्मभर बापाला नावं ठेवली रे मी. चुकलं माझं."

हेच ऐकायला बाबा आयुष्यभर थांबले होते. ते उठले आणि धाकटीकडे न बघता आतल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला.

"आनंद झेपला नाही बघ त्याला," आत्या म्हणाली.