धोंडुबाईच्या नावची साखर

राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये अंजना अकरा वर्षं लोकांचं रक्त काढत होती. विमा उतरवायला निघालेली बरीच माणसं तपासणीला तिथंच यायची. बाही वर करून खुर्चीत बसली की विचारायची, ‘ताई, काय निघणार न्हाय न्हवं?’ ती हसून मूठ आवळायला सांगायची. कुणाचं काय निघालं हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी अंजनाला कळायचं, आणि लॅबचं शटर खाली आलं की ती ते तिथंच सोडून घरी जायची.

दोन हजार एकच्या डिसेंबरात त्या खुर्चीत तिचा नवरा येऊन बसला.

कृष्णात शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर होता. लग्नापासून चौदा वर्षं त्यांनी टेंबलाईवाडीत भाड्याच्या एका खोलीत काढली होती. आता उचगावात एक छोटं रो-हाउस त्यांनी हेरून ठेवलं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण भट्टीवरचं काम म्हटल्यावर साहेबांनी अट घातली, कर्जाएवढा आयुर्विमा उतरवा, मग चेक घेऊन जावा. कृष्णातला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. अडतीस वर्षांचा गडी, दवाखान्याची पायरी कधी चढलेला नव्हता.

उपाशीपोटी साखर दोनशे बारा आली. यंत्र बिघडलं असेल म्हणून अंजनाने तेच रक्त पुन्हा लावलं. दोनशे नऊ. मग तिला एकेक आठवायला लागलं. तांब्यावर तांब्या पाणी पिणं, कमरेला सैल झालेली पँट, संध्याकाळी पाय चोळत बसणं. भट्टीसमोर माणूस वाळणारच, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

कागद डॉक्टरांच्या सहीला ठेवताना दोनशे बाराच्या जागी ब्याण्णव लिहिणं किती सोपं आहे, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने लिहिलं नाही. खरं-खोटं असा मोठा विचारही तिने केला नाही. अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं, म्हणून हात वळला नाही, इतकंच.

महिन्याभराने विमा कंपनीचं नकाराचं पत्र आलं आणि बँकेने फाईल परत दिली. त्या दिवशी कृष्णात जेवून उठला, मोरीत हात धुतला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, “तुझ्याच हातात हुतं की.”

तिने त्याला गोळ्या सुरू करायला सांगितलं. मला काय झालेलं नाही, तुझ्या मशिनीला झालंय, असं म्हणून त्याने विषय मिटवला. पुढं सहा-सात महिने घरात रो-हाउसचं नाव निघालं नाही. त्यांची मुलगी प्रीती तेव्हा सातवीत होती. तिने एकदाच विचारलं, आपण जाणार होतो त्या घरात कोण राहायला आलं का.

मग बाळासो आला. हा पूर्वी कृष्णातबरोबरच फौंड्रीत होता, कमरेचं दुखणं झाल्यावर विम्याचा एजंट झाला होता. त्या सुमारास नव्या खाजगी विमा कंपन्या निघाल्या होत्या आणि बाळासोने त्यातल्या एकीचं काम धरलं होतं. त्याने कृष्णातला वाट दाखवली. तपासणी कोल्हापुरात नको, जयसिंगपुरात करायची. कृष्णात म्हणून कृष्णातचाच धाकटा भाऊ प्रसेनजीत जाईल. फॉर्मवर ‘मधुमेह आहे का’ आणि ‘पूर्वी विमा नाकारला आहे का’ या दोन्हींपुढं नाही लिहायचं. यातलं अंजनाला कुणी काही सांगितलं नाही. नव्या कंपनीने विमा दिला, म्हणून बँक तयार झाली, एवढंच तिला कळलं, आणि तिने ते खोदून विचारलं नाही. घर तिलाही हवं होतं.

दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात ते उचगावात राहायला गेले. भन्तेजी आले, वंदना झाली, शेजारपाजारच्यांना जेवण झालं. अंजनाची आई धोंडुबाई शिरोळहून आली होती. ती दोन्ही खोल्यांतून भिंतींना हात लावत फिरली आणि ओट्याजवळ येऊन लेकीला म्हणाली, “सगळं असंच ऱ्हाऊ दे.”

चार दिवसांनी पॉलिसी पोस्टाने आली. घरात अंजना एकटीच होती. तिने पाकीट फोडलं. सप्टेंबरची तारीख, मागे तपासणीचा कागद जोडलेला, उपाशीपोटी साखर एकोणनव्वद. कृष्णातचं रक्त एकोणनव्वद येऊच शकत नव्हतं. ती कागद मांडीवर घेऊन तो येईपर्यंत बसून राहिली.

कृष्णातने काही लपवलं नाही. दोन वर्षं निभावली की कुणी जुनं उकरून काढत नाही, असं बाळासोने सांगितलंय, म्हणाला. पण या दोन वर्षांत त्याच्या नावावर शुगरची गोळी नको, डॉक्टरची चिठ्ठी नको, काहीही नको.

“आणि तोवर तुमचं काय?” तिने विचारलं.

“दोन वर्षांत काय हुतंय मला? भट्टीनं काय केलं न्हाय, शुगर काय करतीया.”

ती कंपनीला कळवू शकली असती. मग विमा गेला असता, कर्ज गेलं असतं, आणि प्रीतीला पुन्हा टेंबलाईवाडीच्या खोलीत जावं लागलं असतं. तिने दुसरा रस्ता धरला. ओळखीच्या मेडिकलमधून आईच्या नावाने शुगरच्या गोळ्या आणायला लागली. कागदावर आपलं नाव येत नाही म्हटल्यावर कृष्णातही त्या घ्यायचा. महिन्यातून एका सकाळी स्वयंपाकघरात कृष्णातचं रक्त काढून लॅबमध्ये न्यायची आणि तिथल्या वहीत नाव लिहायची, धोंडुबाई, वय बासष्ट. शिरोळच्या मळ्यात दिवसभर खुरपणाऱ्या धोंडुबाईला साखर नावालाही नव्हती. इकडे वहीत तिची साखर दोनशे तीसवर गेली, दोनशे साठवर गेली. अंजनाने गोळी वाढवली. ती अंदाजानेच वाढवत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून जेवढं कळलं होतं, तेवढ्यावर.

एकदा लॅबच्या डॉक्टरांनीच वही चाळताना विचारलं, ही तुमची आई ना? गोळ्यांचं काम उरलं नाही आता, इन्शुलिन लागेल. डोळे, किडनी, पाय सगळं बघायला हवं, एक दिवस घेऊन या. आई शिरोळला असते, यायला ऐकत नाही, असं तिने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पुढचं कठीण आहे मग. ती मान हलवून पुढच्या माणसाचं रक्त काढायला गेली.

घरी येऊन तिने कृष्णातची खूप विनवणी केली. त्याने बोटांवर महिने मोजून दाखवले. सात राहिले होते. नंतर म्हणशील तिथं येतो, म्हणाला, आणि तो तसा आलाही असता. फसवायची वृत्ती त्याच्या अंगात नव्हती. आयुष्यात एवढी एकच लबाडी त्याने केली होती आणि ती तो कामासारखी नेटाने पार पाडत होता.

दोन हजार चारच्या मे महिन्यात, वितळलेल्या लोखंडाचा रस ओतताना, एक थेंब त्याच्या बुटात गेला. त्याला कळलंच नाही. पाळी संपवून तो सायकलवरून घरी आला, बूट काढला, मोजा काढायला गेला तर निघेना. अंजनाने कोमट पाणी ओतून मोजा सोडवला तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक पडलेलं दिसलं. तिने बोटाने कडेला दाबलं आणि विचारलं, दुखतंय का. तो म्हणाला न्हाय, आणि वर तिलाच धीर दिला, दुखत न्हाय म्हंजे भ्यायाचं काय कारण न्हाय.

दवाखान्यात यायला तो तयार नव्हता. चार महिने राहिले होते. तिने घरीच जखम धुतली, पट्ट्या बांधल्या, गोळ्या आणल्या. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटं काळी पडली, घरात वास सुटला आणि तो तापात बरळायला लागला. तेव्हा तिने विचारणं बंद केलं. प्रसेनजीतला बोलावून रिक्षात घातला आणि दवाखान्यात नेला.

केसपेपर लिहायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं, पाय पाहिला आणि विचारलं, “शुगर कधीपासून आहे यांना?”

प्रसेनजीत तिच्याकडं बघत होता. ‘आत्ताच कळलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग डॉक्टरांना वाटणार नवीन दुखणं आहे. किडनी कुठवर आली असेल, गोळ्या किती दिवस पोटात गेल्या, हे कुणाला कळणार नाही आणि भलतंच औषध द्यायचे. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

“अडीच वर्षं,” अंजना म्हणाली. “डिसेंबर दोन हजार एकपासून. गोळ्या घरीच चालू होत्या.” तिने गोळ्यांची नावं सांगितली, मागच्या सहा महिन्यांचे आकडे सांगितले. तिला ते पाठ होते. डॉक्टरीणबाई सगळं लिहून घेत गेल्या.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, आधीची माहिती मिळाली म्हणून किडनी सांभाळता आली.

बाळासो भेटायला आला तेव्हा कृष्णात झोपला होता. कॉटच्या दांडीला लावलेला केसपेपर त्याने वाचला आणि अंजनाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. “वैनी, हे काय सांगितलंसा. विमा घ्यायच्या आधीपासनं शुगर हुती, हे आता दवाखान्याच्या शिक्क्यानिशी आलं. उद्या काय कमीजास्त झालं, तर पयलं हेच कागद काढून बघत्यात. दोन वर्षं झाली तरी आता उपेग न्हाय. लबाडी म्हणत्यात हेला.” मग त्याने हळूच सांगितलं, की कुठं विषय निघाला तर त्याचं नाव घेऊ नये. ती बरं म्हणाली. कृष्णातला यातलं काही सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

फौंड्रीने हिशेब चुकता केला. एक पाय नसलेल्या माणसाला भट्टीवर जागा नव्हती आणि दुसरं काम त्यांनी दिलं नाही. अंजनाच्या पगारात बँकेचा हप्ता आणि इन्शुलिन दोन्ही बसत नव्हतं. तिने आधी हप्ता चुकवला. कृष्णात दिवसभर खिडकीशी बसायचा. इन्शुलिन स्वतःच टोचून घ्यायला तो शिकला होता, त्यामुळं सकाळी ती निश्चिंतपणे कामाला जायची.

ऑक्टोबरात तिच्या लक्षात आलं की फ्रीजमधली बाटली महिना झाला तरी संपत नाही. डब्यातला गूळ मात्र संपत होता. त्याचं तोंड सुकलं होतं, पाण्याचे तांबे पुन्हा सुरू झाले होते. रविवारी प्रीती बाहेर गेल्यावर तिने बाटली त्याच्यासमोर आणून ठेवली.

तो ओशाळला नाही. उलट हिशेब जमल्यासारखा शांत होता.

“गेल्या म्हयन्यात दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “आता मला काय बी झालं तर बँकेचं फिटतंय. घर तुमचं. जित्ता ऱ्हाऊन मी ते घालवायलोय, दिसंना व्हय तुला?”

अंजना त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, “तुमी मेलासा तरी काय मिळणार न्हाई.”

“म्हंजे?”

“दवाखान्यात मी सांगितलंय. अडीच वर्षांपासनं शुगर हाय म्हणून. लिहिलंय तिथं.”

त्याने तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं तो हात उगारेल, निदान ओरडेल. त्याने दोन्ही हातांनी कापलेल्या पायाचा गुडघा धरला आणि जमिनीकडं बघत बसला. मग त्याने विचारलं, “कशापायी सांगितलंस?”

“तुमी जगावं म्हणून.”

दुपारी तिने ताट वाढलं, ते त्याने खाल्लं नाही. संध्याकाळी तिने इन्शुलिन भरून आणलं तेव्हा मात्र त्याने नको म्हटलं नाही. सदरा वर केला आणि भिंतीकडं तोंड केलं. तिने टोचलं.

पुढच्या उन्हाळ्यात घर बँकेने लिलावात काढलं. ते पुन्हा टेंबलाईवाडीत गेले, आधीची खोली रिकामी नव्हती म्हणून मागच्या गल्लीत दुसरी घेतली. धोंडुबाई एकदा येऊन गेली, घराबद्दल तिने काहीच विचारलं नाही. अंजना लॅबमध्ये आहेच. सकाळी निघण्याआधी ती इंजेक्शन भरते, कृष्णात सदरा वर करतो. प्रीतीशी तो बोलतो, गल्लीतल्या माणसांशी बोलतो. तिच्याशी लागेल तेवढंच.