डाव्या बाजूने दिलेली साद

ताई कपडे शिवायची, आणि मेली फिट नेमकी मशीनवर बसल्यावरच यायची. पाय चालत राहायचे, नजर मात्र कुठेतरी हरवायची. एकदा तर सुई बोटात आरपार गेली. औषधांनीही हात टेकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्या मेंदूत दोन्ही बाजूंना बारीक तारा बसवल्या. फिट कुठून उठते ते त्यांना शोधायचं होतं.

"डोक्यात एवढ्या तारा घातल्यात," धाकटी बहीण पलंगाशेजारी बसत म्हणाली, "आता तरी माझं बोलणं पोचेल."

"रेंज नसली की बरं असतं," ताई म्हणाली.

फिट मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या पातळीवर खोलवर सुरू होत होती. तेवढा भाग काढला की सुटका होणार होती. पण आठवणी जुळवायचं कामही तिथेच चालतं, असं कळल्यापासून ताई ऑपरेशनला तयार होत नव्हती.

"फिटबरोबर आईचा चेहराही गेला तर?" तिने विचारलं.

"तेच बघू या," बाई म्हणाल्या. "तसाच भाग डावीकडेही असतो, आठवणींचं काम कोणता करतो ते कळेल."

त्यांनी शब्दांच्या जोड्या वाचल्या. शिडी आणि साबण, छत्री आणि घोडा. ताईने मनातल्या मनात घोड्याला छत्री धरायला लावली. तारांना जोडलेल्या पडद्यावर आधी बघण्या-ऐकण्याच्या भागांच्या रेघा हलल्या, मग डावीकडच्या खोलातल्या भागाची. थोड्या वेळाने बाईंनी "छत्री?" एवढंच विचारलं, तर क्रम उलटा झाला. आधी खोलातला भाग, मग बाकीचे.

"शिकताना बातमी आत जाते," बाई म्हणाल्या. "आठवताना आतून साद जाते आणि बाकीचे ओ देतात. आता एखादी जुनी गोष्ट आठवा."

"आईने निळा पडदा फाडून आपल्याला फ्रॉक शिवले होते, ते आठव," धाकटी म्हणाली.

"हिरवा होता. आणि फाडला नव्हता, नीट कापला होता. तोंडात टाचण्या धरून हसत होती ती."

बाई पडद्याकडे झुकल्या. "हीसुद्धा साद डावीकडूनच गेली. उजवी बाजू बहुतेक वेळ गप्पच आहे. थोडंफार विसराल, ते नाही म्हणत नाही मी. पण आई तुमच्याजवळ राहील, असं मला वाटतं."

ताईने डोळे पुसले आणि ऑपरेशनला होकार दिला.

ते नीट पार पडलं. काही महिन्यांत ती पुन्हा मशीनवर बसली. फिट आली नाही. आई जशीच्या तशी होती. ऑपरेशनचा आदला दिवस तेवढा पुसला गेला होता.

"त्या दिवशी तू मला जवळ घेतलंस," धाकटीने सांगितलं, "आणि म्हणालीस, तुझ्यासारखी गुणी बहीण कुणाला मिळायची नाही."

"मी? शक्यच नाही."

"तुला आठवतंय का?"

ताईने बराच विचार केला, पण खोडून काढण्यासारखं हाती काही लागेना.

"म्हणाले असेन बाई," ती म्हणाली आणि बटणं लावायला एक शर्ट बहिणीच्या मांडीवर टाकला.