घडवंची पुण्याला जाते

मित्रांनो, मी एक जुनी घडवंची आहे, आणि या घटकेला माझ्यावर एक कोंबडी बसली आहे. तिला हाकलू नका. तिला सवय झाली आहे, आणि आता मलाही.

घडवंची म्हणजे पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी बैठक. आमच्या सुदुंबरे गावच्या अंबाजी सुताराने मला जांभळीच्या लाकडाची घडवली, कारण जांभूळ पाण्याला भीत नाही. चार आखूड पाय आणि वर जाड फळी. "हिच्यावर हत्ती हुभा करा," असे अंबाजी म्हणायचा. हत्ती काही आला नाही, पण सोपानच्या घरात भरलेले तांब्याचे हंडे मी वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले आणि कधी कुरकुरले नाही. त्याचा मला फार तोरा होता.

मग सोपानची आई झुंबरबाई ओल्या बांधावरून घसरली. मोडलेली मांडी सांधली, पण वाकडी सांधली. चार पावले टाकली की तिला टेकावे लागे. एके सकाळी तिने हंडा खाली उतरवायला लावला आणि ती माझ्यावर बसली. तेव्हापासून घरात, अंगणात, जिथे ती तिथे मी. आधी मला राग आला. कुठे हंड्यांचा मान आणि कुठे हे! पण हंडे कधी गप्पा मारत नसत, आणि झुंबरबाईचे तोंड काही मिटत नसे. मला ती आवडू लागली.

त्या हिवाळ्यात पुण्याहून निरोप आला. तिची धाकटी बहीण कस्तुराबाई अंथरुणाला खिळली होती. त्यातून उठायची आशा नव्हती, आणि अक्काला एकदा डोळे भरून बघायचे, एवढेच तिचे मागणे होते. गावातली माणसे म्हणाली, घोंगडीची झोळी करू, काठीला बांधू, दोघे खांद्यावर नेतील.

"खांद्यावरनं मानूस एकदाच जातं," झुंबरबाई म्हणाली. "जित्तेपनी मी न्हाई जानार. बसत बसत जाईन, पन माज्या पायानं जाईन."

सोपानने कपाळाला हात लावला. मग तोच हात त्याने मला घातला, झुंबरबाईने शेतातले हरभऱ्याचे डहाळे पदरात घेतले आणि मी निघाले.

तळेगावपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. डब्याची पायरी उंच. सोपानने मला खाली ठेवले, झुंबरबाई माझ्यावर चढली, माझ्यावरून डब्यात गेली. पुण्याला उतरताना तसेच. स्टेशनाबाहेर दोन हमाल खुर्ची घेऊन आले. तिने त्यांच्याकडे असे पाहिले की ते खुर्चीसकट मागे सरले. टांगेवाला इब्राहिम मात्र शहाणा निघाला. तो मूळचा आमच्याच भागातल्या शिरगावचा. त्याने घोड्याच्या तोंडाशी उभे राहून लगाम धरला.

"सावकाश, मावशी. तुमी बसल्याबिगर घोडं हलायचं न्हाई."

कस्तुराबाईच्या बोळात टांगा शिरेना, म्हणून त्याने आम्हाला भवानी पेठेत बोळाच्या तोंडाशी उतरवले. मग आमचा खरा प्रवास सुरू झाला. चार पावले चालायचे, मी खाली, ती माझ्यावर. पुन्हा चार पावले. सायकली घंटा वाजवत होत्या, हातगाडीवाले ओरडत होते. भर रस्त्यात ती टेकली असताना एक गृहस्थ तिच्या मांडीवरचे हरभऱ्याचे डहाळे चाचपू लागले.

"काय भाव, आजी?"

"इकायचं न्हाईत," ती म्हणाली. "बहिनीचं हायेत."

शेवटी ते घर आले, आणि माझी सगळी ऐट तिथेच उतरली. कस्तुराबाई माडीवर होती. जिना लाकडी, अरुंद आणि भिंतीसारखा उभा, धरायला एक लोंबता दोर. सोपानने मला पायरीवर ठेवून पाहिले. माझे दोन पाय पायरीवर आणि दोन हवेत. मी घसरून खाली आले. माडीवरून खोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बारीक हाक: "अक्का, आलीस का गं?"

"आलेय गं," झुंबरबाईने उत्तर दिले. दिवसभरात पहिल्यांदा ती रडली.

"आये, आता तरी हट सोड," सोपान वैतागला. "शेजारच्याला बलिवतो. दोगं मिळून खांद्यावर..."

तिने मान हलवली. "मला घरला ने."

मला वाटले, आता हा ओरडणार. पण सोपान माझ्याजवळ जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "मग तूच सांग. कशी न्यू तुला?"

हे तिला तोवर कुणीच विचारले नव्हते. झोळीवाल्यांनी नाही, हमालांनी नाही, लेकानेही नाही.

"पाटुंगळी," ती लगेच म्हणाली. "खांद्यावर मडं जातं. पाटीवर लेकरू जातं. पटका सोड, मला बांद. आन् त्यो दोर माज्या हातात दे, मी बी वढते."

सोपानने डोक्याचा पटका सोडला, आईला पाठीशी घट्ट बांधले आणि वाकला. एकेक पायरी. दोर ताणला जात होता. तो तीच ओढत होती, मी खालून पाहत होते. वर पोचल्यावर दोन म्हाताऱ्यांचे हसणे ऐकू आले. नंतर रडणेही.

थोड्या वेळाने सोपान मला न्यायला उतरला. कस्तुराबाईच्या गादीजवळ मला ठेवले. झुंबरबाई माझ्यावर बसली आणि संध्याकाळ होईपर्यंत दोघी हरभरे सोलत राहिल्या. कस्तुराबाई चार दाणे खाऊन दमली, पण टरफले तिने आपल्याच हातात ठेवली.

मित्रांनो, आता दोघीही नाहीत, आणि मी गोठ्यात आहे. मला पुसा, तेल द्या, असे मी म्हणणार नाही. जांभळीला तेल लागत नाही. पण तुमच्या घरात कुणाचे पाय थकले, तर त्यांना उचलायला धावू नका. आधी त्यांच्याजवळ जमिनीवर बसा आणि विचारा, कसे नेऊ? मग जे सांगतील ते ऐका.