एका यंत्रापुरतं वायफाय

नम्रता गोगटे आणि मेहजबीन बागवान कंपनीत एकाच दिवशी लागल्या, तेव्हा हिंजवडीच्या रस्त्याला अजून उसाची शेतं दिसायची. ओळखपत्राच्या फोटोच्या रांगेत दोघी मागेपुढे उभ्या होत्या. नम्रताची ओढणी खुर्चीच्या चाकात अडकली, ती मेहजबीनने खाली बसून सोडवून दिली, आणि तेव्हापासून त्यांचं गूळपीठ जमलं. कँटीनमध्ये दोघींचे डबे एकत्र उघडायचे. मेहजबीन घरून येताना नम्रतासाठी आठवणीने वेगळी, बिनअंड्याची भाजी आणायची आणि वर म्हणायची, "घ्या, शनिवार पेठेचं सोवळं सांभाळलंय."

पुढे नम्रता मॅनेजर झाली आणि मेहजबीन तिच्या हाताखाली आली. मुलगी झाली तेव्हा मेहजबीनने वर्षभर घरी काढलं होतं. परत आली तोवर बढतीची गाडी निघून गेली होती. तिला त्याचं वाईट वाटलं असेल, पण तिने कधी दाखवलं नाही. "तू मीटिंगा कर, मी काम करते," असं ती म्हणायची, आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं की ही थट्टा नव्हती.

सिंगापूरच्या एका बँकेचं काम त्यांच्या टीमकडे होतं. त्यासाठी दोघी तिकडे गेल्या होत्या. काम मनासारखं झालं. शेवटच्या संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर चपला काढून बसल्या असताना मुलीचा आणि नवऱ्याचा विषय निघाला, तेव्हा मेहजबीन सहज बोलून गेली, "हिना यंदा दहावीत जाईल. कधीकधी वाटतं, सहा महिने सगळं सोडून घरी बसावं. नासिरलापण अजून बोलले नाहीये. बोलले तर तो लगेच हो म्हणेल, मग माझीच पंचाईत."

"बस की मग," नम्रता म्हणाली.

"आणि तुझं काम कोण करणार?" मेहजबीन म्हणाली. दोघी हसल्या आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, थेट पुण्याचं. विमानात चढण्याच्या रांगेत असतानाच सुदर्शनचा मेसेज आला. सुदर्शन म्हणजे त्यांच्या विभागाचा प्रमुख, नम्रताचा साहेब. "फ्लाइटमध्ये वायफाय आहे ना? ऑनलाइन ये. अर्जंट."

विमान वर गेल्यावर नम्रताने लॅपटॉप उघडला. वायफायचं पान आलं. नुसते मेसेज हवे असतील तर एक दर, सगळं इंटरनेट हवं असेल तर दुसरा, आणि तेही एका वेळी एकाच यंत्रावर. तिने मोठा प्लॅन निवडून कार्डाचा नंबर भरला. पान म्हणालं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, तो इथे भरा.

"मोबाइलला रेंज असती तर वायफाय कशाला घेतलं असतं?" नम्रता म्हणाली.

मेहजबीनने वाकून पाहिलं. "तुझा ओटीपी लोहगावच्या विमानतळावर उतरून तुझी वाट बघत बसला असेल."

नम्रताने दुसरं कार्ड भरून पाहिलं. तेही तसंच अडलं. परदेशात वापरायचं डॉलर भरलेलं कार्ड तिच्याकडे होतं, पण ते सामानाच्या बॅगेत विमानाच्या पोटात गेलेलं. तेवढ्यात मेहजबीनने पर्समधून स्वतःचं काढलं. "याला ओटीपी लागत नाही. थोडे डॉलर उरलेत. पुण्यात नेऊन त्यांचं काय लोणचं घालू?"

"अगं, नको. मी सांगते सुदर्शनला, नाही जमलं म्हणून."

"घे गं. नाहीतर उतरल्यावर तो तुलाच बोलेल. तुझं झालं की दहा मिनिटं मला दे. नासिरला विचारायचंय, गाडी घेऊन येतोय का टेम्पो." तिने स्वतःच नंबर भरला, बटण दाबलं, आणि हिरवी खूण आली.

सुदर्शन वाटच बघत होता.

"वरून कपात आलीय," त्याने लिहिलं. "प्रत्येक टीममधून सीनिअरांपैकी एक नाव. तुझ्या टीमचं नाव मला लँडिंगच्या आत हवंय. आज लिस्ट बंद होते."

नम्रताने मान न वळवता शेजारी पाहिलं. मेहजबीन जेवणाच्या ट्रेवरचा कागद सोलत होती. नम्रताने लॅपटॉपचा पडदा थोडा आपल्याकडे कलता केला.

"उतरल्यावर बोलूया का?"

"उशीर होईल. आणि अभिनवला हात लावू नकोस. नव्या प्रपोजलमध्ये त्याचा फोटो गेलाय."

अभिनवला कंपनीत येऊन दोन वर्षं झाली होती. तो बोलायचा छान.

"मग उरलं कोण?" नम्रताने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"मेहजबीन. आणि तू," सुदर्शनने लिहिलं. मग थोडं थांबून: "मी तुझ्यासाठी भांडलोय. पण नाव रिकामं राहिलं तर एचआर पगाराच्या क्रमाने उचलतं. तुमच्यात वरचा पगार कोणाचा आहे ते तुला सांगायला नको."

"खा आधी," मेहजबीन म्हणाली. तिने नम्रताच्या ट्रेवरचा कागदही काढून दिला होता. "सुदर्शन कुठे पळून जात नाही."

नम्रताने दोन घास खाल्ले. ट्रे बाजूला सरकवला. मेहजबीनने आपलं जेवण संपवलं, कॉफी घेतली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. बिछान्याला पाठ टेकताच झोप लागणाऱ्या माणसांतली ती होती, तिला बिछानाही लागायचा नाही.

समुद्रावर आल्यावर नेटवर्क गेलं. पानावर नुसतं चक्र फिरत राहिलं. नम्रताला हायसं वाटलं. आता आपण काही करू शकत नाही, हे तिने स्वतःला दोनतीनदा बजावलं. उतरल्यावर सांगायचं, नेटवर्कच नव्हतं. मग जे व्हायचं ते होईल. सुदर्शन भडकेल, कोणी सांगावं, लिस्टही पुढे ढकलतील. पण लिस्ट पुढे ढकलली नाही तर? पगाराच्या क्रमाने उचलली तर? कोथरूडला बांधून होत असलेल्या नव्या फ्लॅटचे हप्ते होते, मुलाची शाळा होती, आणि नवऱ्याने स्वतःचा धंदा काढायचा म्हणून गेल्या वर्षी नोकरी सोडली होती. मेहजबीनचं तसं नव्हतं. नासिरचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता. घरात माणसं होती. तिचं अडणार नाही.

गाळा नासिरच्या थोरल्या भावांचा होता आणि नासिर तिथे पगारावर बसायचा, हे नम्रताला पक्कं माहीत होतं. वाघोलीचं घर मेहजबीनच्या पगारावर उभं होतं, हेही माहीत होतं. तिने त्यावर फार विचार केला नाही.

नेटवर्क परत आलं. सुदर्शनचे तीन मेसेज एकदम उतरले आणि तिने ते वाचल्याची निळी खूण तिकडे गेली. शेवटचा नुसता "?" होता.

तिने लिहिलं, "मेहजबीन बागवान." मग खाली लिहिलं, "ती तशीही ब्रेक घ्यायच्या विचारात आहे. मुलीची दहावी आहे."

ही शेवटची दोन वाक्यं तिच्याकडे कोणी मागितली नव्हती. ती लिहिल्यावर मात्र तिला बरं वाटलं, जणू हे सगळं मेहजबीनच्याच सोयीसाठी चाललं होतं.

सुदर्शनचा अंगठा आला.

खाली जमीन दिसू लागली तेव्हा मेहजबीन जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, "झालं का तुझं अर्जंट?"

"झालं."

"मग दे ना मला. नासिरला मेसेज टाकते."

नम्रताच्या डोळ्यांपुढे मेहजबीनचा फोन आला, त्यात उघडणारं ऑफिसचं कपातीचं मेल आलं. इथे, विमानात, शेजारच्या सीटवर. "नेटवर्क गेलंय," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. "मघापासून येतच नाहीये."

"माझे पैसे खाल्ले म्हणायचे," मेहजबीन म्हणाली आणि केस नीट करायला लागली.

पुण्याला सामानाच्या पट्ट्याजवळ उभ्या असताना मेहजबीनचा फोन वाजला. एचआरमधली कोणी मुलगी होती. मेहजबीनच्या एका हातात ट्रॉली होती, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. मुलगी फार गोड बोलत होती. कंपनीची पुनर्रचना, कठीण निर्णय, आजपासून लॉगिन बंद, लॅपटॉप उद्या माणूस येऊन घेऊन जाईल. मेहजबीन नुसतं "हो" म्हणत होती. हे आपल्याबद्दल चाललंय हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"आणि मॅम," मुलगी म्हणाली, "तुमचाही मुलीच्या दहावीसाठी ब्रेक घ्यायचा प्लॅन होताच ना. त्यामुळे एका अर्थी टायमिंग चांगलंच आहे."

मेहजबीनने ट्रॉली सोडली. "काय म्हणालात?"

मुलीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच गोड आवाजात.

मेहजबीनने फोन बंद केला. पट्ट्यावरून तिची निळी बॅग आली आणि पुढे निघून गेली. तिने ती जाऊ दिली. मग नम्रताकडे न बघता म्हणाली, "मी नासिरलापण सांगितलं नव्हतं."

"मेहजबीन, माझा इलाज नव्हता. तुला नाही माहीत, त्याने मला..."

"तुझी बॅग आली," मेहजबीन म्हणाली.

बाहेर नासिर जुनी सँट्रो घेऊन आला होता. शर्टाला गाळ्यावरच्या गवताच्या काड्या चिकटलेल्या. "या नमूताई," त्याने नम्रताच्या हातातली बॅग घेतलीच. "टॅक्सी-बिक्सी काही नाही. आम्ही असताना?"

"अहो, तुम्हाला वाघोलीला जायचंय, मी अगदी उलट्या दिशेला..."

"बस," मेहजबीन पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "सोडतो तुला."

येरवड्यापर्यंत नासिर एकटाच बोलत होता. द्राक्षांचा भाव पडलाय, हिनाने चित्रकलेत बक्षीस मिळवलंय, आईचे गुडघे. मेहजबीन हं हं करत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने मागे वळून विचारलं, "विमानात म्हणे आता नेट मिळतं. फुकट असतं का हो ताई?"

उत्तर मेहजबीनने दिलं. "फुकट नसतं. मी घेऊन दिलं होतं नम्रताला. तिला ऑफिसचं काम होतं."

"अरे वा. झालं का काम?"

"झालं," मेहजबीन म्हणाली. "चोख झालं."

शनिवार पेठेत गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. नासिरने डिकीतून बॅग काढली आणि सोबत पुरंदरच्या अंजिरांची एक पेटी नम्रताच्या हातात दिली. ती नको नको म्हणत राहिली. मेहजबीन गाडीतून उतरली नाही. तिने समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत नुसतं म्हटलं, "घ्या ना. राहू द्या."

घ्या. राहू द्या. इतक्या वर्षांत ती फक्त थट्टेतच अहो-जाहो करायची. आज आवाजात थट्टा नव्हती. नासिरला काही कळलं नाही, तो हात हलवून गाडीत बसला.

नम्रताने त्या आठवड्यात तिला चार-पाच मेसेज लिहिले आणि पुसून टाकले. शेवटी वायफायचे पैसे तेवढे पाठवले. मेहजबीनकडून "मिळाले. धन्यवाद." एवढं आलं.

दिवाळीच्या आधी अभिनव दुसऱ्या कंपनीत गेला. जास्त पगार, बंगळूर. जाताना त्याने टीमला केक दिला. त्याच्यामागे दोनच आठवड्यांत बँकेचं काम अडलं. रात्रीचे हिशेब जुळेनात, आणि प्रोग्रॅमच्या त्या भागात आत काय आहे हे कोणालाच नीट सांगता येईना. बँकेच्या बाईंनी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, मेहजबीन कुठे आहे?

सुदर्शनने नम्रताला केबिनमध्ये बोलावलं. "तुझी मैत्रीण आहे ना ती? फोन कर. सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर ये म्हणावं. पहिल्यापेक्षा जरा कमी देऊ, पण ती घरीच बसली असेल."

नम्रताने जिन्यात जाऊन फोन लावला. ती उचलणार नाही अशी तिची खात्री होती. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"बोला."

"मेहजबीन, मी नमू."

"हो, नाव दिसलं. बोला आपण."

नम्रताने अडखळत बँकेचं सांगितलं. मेहजबीनने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि चूक कुठे असेल तेही सांगितलं. कुठली फाइल, कोणती तारीख उलटी धरली जातेय. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, नीट, कुठेही न टोचता. नम्रता त्या टोचण्याची वाट बघत होती. एखादी शिवी आली असती तर तिने ती झेलली असती.

"तू परत येशील का? कॉन्ट्रॅक्टवर. मी बोलते सुदर्शनशी."

"नाही जमणार. मी वाघोलीला एका कॉलेजात शिकवते. पगार अर्धा आहे, पण चाललंय."

"हिना कशी आहे?"

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"अजून काही कामाचं होतं का आपलं?" मेहजबीनने विचारलं. "माझा तास आहे."

"नाही."

"बरं." फोन बंद झाला.

नम्रताने जिन्यात उभ्याउभ्याच ती फाइल, ती तारीख लिहून घेतली. मग वर आली. सुदर्शन काचेच्या दारातच उभा होता.

"काय म्हणाली?"

"फोनच उचलत नाहीये," नम्रता म्हणाली. "पण मला वाटतं चूक कुठे आहे ते सापडलंय मला."

"ग्रेट," सुदर्शन म्हणाला. "बघ, लोकांकडे एवढाही प्रोफेशनलिझम नसतो. बरं झालं तेव्हा तू तिचंच नाव दिलंस."

नम्रताने मान हलवली आणि ती जागेवर जाऊन बसली.