मागच्या बाकांवरच्या बायका

अ‍ॅट्रॅक्टा मॉयलन बदकासारखी चालते, हे डब्लिनपासून दूरच्या किलव्हार्ना गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतली पोरं तिच्या मागून तशी चालून दाखवत. नवरा मॅलकी जिवंत असताना तोही गमतीत तिला ‘माझी बदकी’ म्हणायचा, आणि तिला त्यात वावगं वाटत नसे. बाळंतपणात काही बायकांची कंबर कायमची जाते, तशी आपलीही गेली, असं ती सदतीस वर्षं धरून चालली होती. एकच मूल झालं, रोनन. तो मोठा होऊन बॉस्टनला गेला. दुसरं होऊ नये म्हणून ती मॅलकीपासून वेगळी निजली, आणि त्या भल्या माणसाने कारण न विचारता ते सोसलं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये जिल्ह्याची नवी आरोग्य परिचारिका डर्व्हला टूही हिने चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायकांसाठी वर्ग सुरू केला. पहिलाच विषय लघवी न थांबण्याचा. पंधरा जणी आल्या, त्यातल्या निम्म्या चहासाठी. खाटकाची विधवा कन्सेप्टा गेरिटी खुर्ची ओढतानाच म्हणाली, “खोकलं की गळतं, एवढं मलाही कळतं. त्याला वर्ग कशाला काढायचा, बाई?” सगळ्या हसल्या, डर्व्हलाही हसली आणि तिने पिशवीतून ओटीपोटाच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा काढून टेबलावर ठेवला.

हाडं समोर जिथे जुळतात तिथे तिने बोट ठेवलं. इथे कूर्चा असते, म्हणाली. अडलेल्या बाळंतपणात वाट रुंद व्हावी म्हणून आपल्या देशात काही डॉक्टर इथेच कापायचे. बाईला न विचारता, पुष्कळदा नंतरही न सांगता. मग ती हाडं धड जुळत नाहीत, चाल बिघडते, लघवी राहत नाही, कुशीवर झोपता येत नाही.

अ‍ॅट्रॅक्टाच्या हातातला चहा गार झाला. तिने कन्सेप्टाकडे पाहिलं. कन्सेप्टा हसायची थांबली होती आणि त्या सांगाड्याकडे टक लावून बसली होती.

डर्व्हलाने अ‍ॅट्रॅक्टाला क्ष-किरण तपासणीला नेलं. हाडांमध्ये दोन बोटं जातील एवढी फट होती. तिथल्या तरुण डॉक्टरने सहज विचारलं, “घोड्यावरून पडला होतात का कधी?”

“नाही,” ती म्हणाली. “टेबलावर होते.”

मग सगळं आठवलं. म्हणजे विसरलेलं नव्हतंच, त्याला नाव नव्हतं. चौसष्टचा फेब्रुवारी, वय चोवीस. ती पूर्ण शुद्धीत होती, फक्त कमरेखाली बधिर. पायांशी चार विद्यार्थी उभे होते. डॉक्टर ऑस्टिन कॉमिन्स त्यांना म्हणाले, आता नीट बघा. मग हाड कापल्याचा आवाज आला; तसा आवाज तिने पुढे एकदाच ऐकला, कन्सेप्टाच्या नवऱ्याच्या खाटकाच्या दुकानात. नंतर दोन्ही पाय एकत्र बांधून तिला कित्येक दिवस निजवून ठेवलं. बाळ तिसऱ्या दिवशी दाखवलं. ओरडली तेव्हा सिस्टरने सांगितलं की हे दुःख देवाला अर्पण कर. घरी पाठवताना डॉक्टरांनी मॅलकीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आता खुशाल दहा होऊ द्या.”

तिने इस्पितळाकडे आपले कागद मागितले. उत्तर आलं की तळघरात पाणी शिरून जुने कागद नष्ट झाले, क्षमस्व. इस्पितळ टेकडीवर होतं. तिथे पाणी शिरायचं तर आधी सगळं गाव बुडायला हवं होतं.

डॉक्टर कॉमिन्स मात्र कुठेही गेले नव्हते. त्र्याऐंशी वर्षांचे, ताठ कण्याचे, रविवारी दहाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, तिसऱ्या बाकावर. इस्पितळातल्या बाळंतिणींच्या कक्षाला त्यांचं नाव होतं. रस्त्यात माणसं त्यांना टोपी काढून नमस्कार करत. अ‍ॅट्रॅक्टासुद्धा इतकी वर्षं आदराने मान लववत आली होती. ती मान आठवली की तिच्या तोंडाला कडू चव येई.

ती डर्व्हलाबरोबर गावोगावच्या हॉलमध्ये जाऊ लागली. डर्व्हला शिकवायची. शिकवून झालं की अ‍ॅट्रॅक्टा उठायची, हॉलच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत यायची आणि विचारायची, “माझ्यासारखं कोण चालतं?” आधी बायका एकमेकींकडे बघत. मग कुठलीतरी एक हात वर करी, बहुतेक वेळा खांद्याइतकाच. ऑक्टोबरपर्यंत त्या एकोणीस झाल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस जणी एकाच डॉक्टरच्या.

डर्व्हलाने मंत्रालयाला पत्रं लिहिली, चौकशीची मागणी केली. नम्र उत्तरं आली. अ‍ॅट्रॅक्टाने सगळ्या पत्रांवर सह्या केल्या, पण तिचं मन त्यांत नव्हतं.

“बदला घेतला म्हणून तुझी कंबर जुळणार आहे का?” डर्व्हलाने एकदा गाडी चालवता चालवता विचारलं.

“माझी नको जुळायला. मला त्याची मोडायची आहे.”

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्या एकोणीस जणी दहाच्या मिस्सेला आल्या आणि डॉक्टरांच्या मागचे बाक भरून बसल्या. गुडघे टेकायची वेळ आली. सगळं चर्च खाली वाकलं. या बसून राहिल्या. त्यांना गुडघे टेकता येतच नव्हते. वाकलेल्या डॉक्टरांना पाठीमागे गुडघे टेकल्याचा आवाज झाला नाही हे जाणवलं असावं, कारण त्यांनी मान किंचित वळवली. नंतर एकमेकांना शांती देण्याची वेळ आली तेव्हा ते रिवाजाप्रमाणे मागे वळले आणि हात पुढे केला. अ‍ॅट्रॅक्टाने तो दोन्ही हातांत धरला.

“शांती असो, डॉक्टर. अ‍ॅट्रॅक्टा मॉयलन. फेब्रुवारी चौसष्ट.”

त्यांना कळलं नाही. ते हसले. तिने तो हात कन्सेप्टाच्या हातात दिला.

“शांती असो. कन्सेप्टा गेरिटी. अडुसष्ट. जुळी होती माझी, एक गेलं.”

तिसरीने आपलं नाव आणि साल सांगितलं, मग चौथीने. सहाव्या हातापर्यंत डॉक्टरांना कळलं. त्यांनी हात ओढून पाहिला, पण तो सुटेपर्यंत पुढची उभी होती. मिस्सा चालवणारे फादर वेदीपाशी थांबून राहिले. कुणाचाही आवाज चढला नव्हता, आणि शांती देणाऱ्या बाईला अडवायचं तरी कुठल्या तोंडाने? एकोणिसावीचं झालं तेव्हा म्हातारा बाकाला धरून उभा होता.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. डॉक्टर शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ लागले. त्या शनिवारी आल्या. ते आठ मैलांवरच्या चर्चमध्ये गेले. कन्सेप्टाने बायकांना बिंगोच्या खेळाला नेणारी छोटी बस ठरवली. फिलोमिना नावाची एक म्हातारी थकून म्हणाली की पुरे आता, त्यांचा चेहरा पाहून मला माझे वडील आठवतात. अ‍ॅट्रॅक्टा तिला फटकारून म्हणाली, “मग घरी बस. आम्ही अठरा पुरतो.” फिलोमिना खरंच घरी बसली. त्याचं अ‍ॅट्रॅक्टाला वाईट वाटलं, पण तिने तिला परत बोलावलं नाही.

डिसेंबर उजाडेपर्यंत डॉक्टरांनी चर्चला येणंच बंद केलं. साठ वर्षांत त्यांची रविवारची मिस्सा चुकली नव्हती, असं लोक सांगत. ऐकून अ‍ॅट्रॅक्टाला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती असं तिला वाटलं, पण लाज काही आली नाही.

मग एका दुपारी डॉक्टरांची मुलगी एथ्ना तिच्या दारात आली. पन्नाशीची, शाळेत गणित शिकवणारी. अ‍ॅट्रॅक्टाने चहा ओतला, ब्रेड कापला. दारी आलेल्याला ते करायचंच असतं. एथ्नाने कपाला हात लावला नाही. बाबा जेवत नाहीत, ती म्हणाली, खुर्चीतून उठत नाहीत. तुम्हाला नक्की हवंय काय?

“त्यांनी लिहून ठेवलं असणार,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. “तसला माणूस लिहून ठेवतोच. इस्पितळाचं तळघर बुडालं असेल, तुमचं घर तर बुडालं नाही ना?”

एथ्ना म्हणाली, “ते दिलं तर चर्चमध्ये त्यांना सोडाल?”

“मी त्यांच्या मागे बसणार नाही. बाकीच्याही नाहीत. शब्द देते.”

दुसऱ्या दिवशी एथ्नाने हिरव्या पुठ्ठ्याच्या तीन वह्या टेबलावर ठेवल्या. दारापर्यंत जाऊन ती थांबली.

“माझ्या आईची दोन्ही बाळंतपणं डब्लिनला झाली. सिझेरियननं. बाबांनीच तिथे नेलं होतं तिला.” मागे न वळताच ती म्हणाली, “रात्रभर वाचल्या मी त्या वह्या. म्हणून आणल्या. तुमच्या शब्दासाठी नाही.”

वह्यांत एकसष्ट नावं होती, सुंदर तिरप्या अक्षरात. अ‍ॅट्रॅक्टाने आपलं शोधलं. मॉयलन, वय चोवीस. मुलगा, साडेआठ पौंड. विद्यार्थी हजर, चार. निकाल उत्तम. तिने ते दोन शब्द इतक्या वेळा वाचले की ते शब्दच राहिले नाहीत. मग तिने डर्व्हलाला फोन केला आणि विचारलं, इस्पितळाच्या मंडळाची खुली सभा केव्हा आहे?

ती जानेवारीत होती. अध्यक्षांनी खेदाने सांगितलं की जुन्या काळची कोणतीही नोंद उपलब्ध नसल्याने मंडळाला काही म्हणता येत नाही. तेव्हा अ‍ॅट्रॅक्टा उभी राहिली आणि पहिली वही उघडून आपली ओळ वाचली, शेवटच्या दोन शब्दांसकट. वही पुढे गेली. प्रत्येकीने आपापलीच ओळ वाचली, आणि प्रत्येकीची ओळ त्याच दोन शब्दांवर संपत होती. सातवीनंतर अध्यक्षांनी आता थांबावं अशी विनंती केली.

“बसा हो,” कन्सेप्टा म्हणाली. “आम्हाला उभं राहायला तुमच्याहून जास्त त्रास होतो, आणि आम्ही उभ्या आहोत.”

पत्रकारांनी सगळं उतरून घेतलं. फिलोमिना मागे कोपऱ्यात बसली होती; वही तिच्यापर्यंत गेली तेव्हा तिनेही वाचलं.

महिन्याभरात कक्षावरची डॉक्टरांची पाटी उतरवली. चौकशी बसली, आणि डर्व्हलाच्या पत्रांना आता खरीखुरी उत्तरं येऊ लागली. गावातली माणसं डॉक्टरांच्या घरावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जात. पडदे दिवसाही बंद असायचे.

दीड वर्षाने चर्चचे फादर तिच्याकडे आले. डॉक्टर फार दिवस काढणार नाहीत, त्यांनी तुमचं नाव घेतलंय, म्हणाले. अ‍ॅट्रॅक्टाने कोट चढवला आणि गेली.

म्हातारा पलंगावर उरला होता तेवढा पडला होता. तिला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“त्या काळी तसंच करायचे,” तो म्हणाला. “तुम्हाला आणखी मुलं व्हावीत म्हणून. सिझेरियन केलं की तीन-चारवर थांबावं लागायचं. मी तुमचं भलं केलं.”

“बायकोचं नाही केलंत असलं भलं.”

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तिने खुर्ची ओढली आणि बसली. दहा मिनिटं ती नुसती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आपण बसलो आहोत हे त्याला ठाऊक आहे, याची तिला खात्री होती आणि तेवढ्यासाठीच ती आली होती. मग ती उठली.

बाहेर फादरनी हलकेच विचारलं, “क्षमा केलीत?”

“मागितली नाही त्यांनी. मागितली असती तरी दिली नसती. पण मागितली नाही, हे उद्या प्रवचनात त्यांच्याबद्दल बोलाल तेव्हा ध्यानात असू द्या, फादर.”

थोड्याच दिवसांत डॉक्टर गेले आणि दफन गुरुवारी ठरलं. खरंच पुरतात की नाही ते बघून येऊ, असं कन्सेप्टाचं म्हणणं होतं. अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, गुरुवारी वर्ग असतो. चर्चची घंटा वाजत होती तेव्हा दोघी डर्व्हलाच्या गाडीत होत्या आणि अ‍ॅट्रॅक्टाच्या मांडीवर तिसरी वही होती. एकसष्टपैकी अजून चौदा जणी सापडायच्या होत्या. शेवटचं नाव एकोणऐंशी सालचं, वय एकोणीस. म्हणजे आता जेमतेम त्रेचाळीस.

पत्ता एका दुग्धशाळेमागच्या घराचा निघाला. दार उघडणाऱ्या बाईचा हात चौकटीवर होता आणि सगळा भार एकाच पायावर.

“सोडतीची तिकिटं असतील तर नको,” ती म्हणाली.

“तिकिटं नाहीत,” अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. “आत येऊ का? बसून बोलू. मलाही फार वेळ उभं राहवत नाही.”

बाईने तिच्या पायांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि दार पूर्ण उघडलं.