छताखाली बसणारी बाई

माझी बायको यशोदा गेल्यानंतर दुकानातला फोन वाजला की मी उठून बाहेर जायचो. नाशिकच्या अंबडला आमचं पत्र्याच्या छपरांचं काम आहे. शेड, गोडाऊन, कांदाचाळी, घरांवरचे पत्रे. वर चढायचं काम मी, हनीफभाई आणि आमचे चार फिटर करायचो. खालचं सगळं यशोदा बघायची, म्हणजे फोन, भाव, गिऱ्हाइकाची तक्रार. मला बोलता येत नाही असं नाही. पण दोन वाक्यांत माझं संपतं. तिसरं वाक्य नेहमी तिचं असायचं.

ती २००८ च्या जानेवारीत गेली. मार्च संपत आला तरी नवीन काम नव्हतं. एक दिवस जेवायला बसलो असताना हनीफभाई म्हणाला, "भाऊ, साफ बोलू का? उन्हाळा हाच आपला सीझन. आता कामं लागली नाहीत तर पोरं जातील. दोघांना सिन्नरच्या ठेकेदाराने बोलावलंय. मग मी एकटा वर बसून काय कबुतरं उडवू?"

"मी उचलतो की फोन."

"उचलता, हं म्हणता, ठेवता. त्यापेक्षा वाजू दिलेला बरा."

त्याचं खरं होतं. यशोदाने आणि मी वीस-बावीस वर्षांत उभं केलेलं काम माझ्या गप्प राहण्यामुळे बंद पडत होतं. ते मला दिसत होतं, आणि तरी फोन वाजला की माझे पाय दाराकडे वळत होते.

वेबसाइटची कल्पना हनीफभाईच्या मुलीची. इन्शाने नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. ती म्हणाली, "काका, लोक आता आधी कॉम्प्युटरवर बघतात. तुम्ही काय काय कामं करता त्याचं एकेक पान करू. मग फोनवर फार बोलावं लागणार नाही." शेवटचं वाक्य मला पटलं.

आठवड्याने ती कागद घेऊन आली आणि वाचायला लागली. "आमची कंपनी नाशिकमधील अग्रगण्य रूफिंग कंपनी असून..."

"अग्रगण्य म्हणजे?"

"सगळ्यात पुढे."

"सगळ्यात पुढे ते क्रेनवाले आहेत. आपल्याकडे शिडी आहे."

"लिहू दे ना भाऊ," हनीफभाई म्हणाला, "सगळेच लिहितात."

"अब्बा, तुम्ही थांबा." इन्शाने तो कागद बाजूला ठेवला. थोडा वेळ पेनाचं टोपण चावत बसली, मग म्हणाली, "काका, माणूस फोन करून म्हणायचा, आमचा पत्रा गळतोय. तेव्हा काकी काय सांगायच्या?"

मी सांगायला लागलो. यशोदा म्हणायची, पत्रा बदलायची घाई करू नका. आधी स्क्रूखालचे रबरी वायसर बघा. रबर उन्हाने कडक झालं की तिथून पाणी येतं. पुष्कळदा तेवढं बदलून भागतं.

"हे काय?" हनीफभाई म्हणाला. "वेबसाइटवर आपणच सांगायचं की आम्हाला काम देऊ नका?"

"ती हेच सांगायची."

हनीफभाईने थोडा विचार केला. "सांगायच्या खऱ्या. आणि तीच माणसं दोन वर्षांनी नवीन शेडसाठी आपल्याकडेच यायची. लिही बेटा."

मग इन्शा विचारत गेली आणि मी सांगत गेलो. कांदाचाळीचं पान झालं. कांद्याला वारा पाहिजे आणि पाणी नको, म्हणून चाळीचा पत्रा बाजूने हातभर बाहेर काढावा. घराच्या छपराचं झालं. ओळ कुठून सुरू करायची तेही लिहिलं. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावत यायचे, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. मी इतका वेळ बोललो की घसा दुखायला लागला. तिची वाक्यं मला पाठ आहेत हे मला माहीत नव्हतं.

शेवटचं पान 'काम झाल्यावर' या नावाचं होतं. त्यात मी सांगितलं: काम झालं की भर उन्हात शेडची दारं-खिडक्या लावून घेतो. आत एक बाई बसते. डोळे अंधाराला सरावले की छतात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे ती बांबूने पत्रा ठोकते, आणि वरचा माणूस ती जागा बंद करतो. एकही ठिपका उरला नाही तरच काम झालं. हे काम बाईच करते, कारण पुरुषांना भूक लागली की छत गळत नाही.

हनीफभाई हसला. "हे वहिनींचं वाक्य. हे राहू दे."

इन्शाने ते तसंच टाकलं. आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात काही आलं नाही. वायसर, पन्हळ, पत्रा तसंच ते. काम कसं होतं ते सांगायचं होतं, आणि काम तसंच व्हायचं.

एप्रिलच्या मध्यात फोन आला. मी उचलला.

"ते पत्र्याचं दुकान ना? मी सायखेड्याहून नवसाबाई बोलते. आमचा बायांचा बचत गट हाय, पापडाचा. सुनंनं कॉम्प्युटरवर तुमचं समदं वाचून दावलं. आमच्या शेडवर नवा पत्रा टाकायचाय."

"बरं," मी म्हणालो.

"मागल्या साली गळून लय पापड वाया गेले. तो ठेकेदार म्हनायचा, बाई, गळत नाय, पत्र्याला घाम येतोय. आता आमी ठरवलंय, तुमची ती आत बसनारी बाई येत आसंल तर काम तुमचं. तिच्या जिवावर फोन केला बघा."

मी म्हणालो, "जागा बघायला येतो." फोन ठेवला आणि खुर्चीवर बसलो. हनीफभाई आत आला तेव्हाही तसाच बसलो होतो. त्याला सांगितलं. तो पण स्टुलावर बसला.

"या अल्ला," तो म्हणाला. "मी पण वाचलं होतं ते."

संध्याकाळी इन्शा आली. तिचे डोळे भरले. "काका, माझी चूक. मी आत्ता ती ओळ काढते, पाच मिनिटांचं काम आहे."

"साइटवरून जाईल," हनीफभाई म्हणाला, "त्या बाईंच्या डोक्यातून कशी जाणार? काम मोठं आहे भाऊ. पोरं थांबतील असं काम आहे. म्हणाल तर खातूनबीला बसवतो."

"अम्मी?" इन्शा नाक पुसत म्हणाली. "अम्मी अंधारात पाच मिनिटांत घोरायला लागेल."

मी म्हणालो, यशोदाच्या जागी कुणाला गुपचूप बसवायचं नाही. जाऊन सांगतो. काम गेलं तर गेलं.

हे म्हणायला सोपं होतं. सायखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर मला कळलं की मी अजून हे कुणाला तोंडाने सांगितलंच नव्हतं. दवाखान्यात, स्मशानात सगळ्यांना माहीतच होतं. गिऱ्हाइकांना हनीफभाईने सांगितलं. 'माझी बायको वारली' हे वाक्य मी एकदाही बोललो नव्हतो. मोटरसायकलवर दोनदा म्हणून बघितलं.

शेडमध्ये आठ-दहा बाया पापड लाटत होत्या. नवसाबाई साठीच्या, उंच, हाताला पीठ. त्यांनी माझ्यामागे बघितलं. "एकलेच आलाव? बाई कुठं हाय?"

"ती माझी बायको होती," मी म्हणालो. "जानेवारीत वारली. पान लिहिताना माझ्या ध्यानात आलं नाही."

लाटणी थांबली.

"काय झालं हुतं?" नवसाबाईंनी विचारलं.

"किडनी."

"आन तुमी लिवलं की बाई बसती."

"हो."

"म्हंजी खोटं लिवलं."

"चुकलं. वीस वर्षं ती बसायची. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही. जसं काम व्हायचं तसं सांगत गेलो."

कोपऱ्यातली एक तरणी बाई म्हणाली, "आवं पन मंग आता बसनार कोन?"

"मी बसेन."

"तुमी?" नवसाबाई म्हणाल्या. "तुमच्याच पानावर लिवलंय, पुरुषाला भूक लागली की छत गळत नाय!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. हसताना तोंड वेगळंच वाटलं, बऱ्याच दिवसांनी चप्पल घातल्यासारखं.

"असं करू," नवसाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "आमी बसतो. आमचे पापड, आमचे डोळे. तुमी आत येऊन शिकवा."

"मला शिकवता येणार नाही. मी कधी आत बसलोच नाही. मी वर असायचो."

"वर काय समजायचं?"

"ठोके." ते मात्र मला येत होतं. एक ठोका म्हणजे ठिपका इथे आहे. दोन म्हणजे पुढे सरक. बांबू पत्र्याला घासत नेला की त्या दिशेने जा. पटापट ठोकलं की चुकीच्या जागी हात घालतोयस, मूर्खा. हे शेवटचं ऐकून बाया परत हसल्या. मी बांबू मागवला आणि जुन्या पत्र्यावर त्यांना एकेक ठोका करून दाखवला. नवसाबाईंनी मूर्खाचा ठोका सगळ्यात आधी उचलला.

काम आम्हाला मिळालं. त्याच संध्याकाळी इन्शाने पान बदललं. तपासायला तुमच्या घरची बाई बसेल, ठोके आम्ही शिकवू, असं लिहिलं.

मेच्या सुरुवातीला पत्रा चढला. सिन्नरला जाणारी दोघं कामावर होती, पण त्यांचं मन अर्धं तिकडेच होतं. शेवटच्या दिवशी ऊन तापल्यावर ओली गोणपाटं पायाखाली घेऊन हनीफभाई आणि ती दोघं वर थांबली. खिडक्यांना आम्ही पोती लावली. मी, नवसाबाई आणि तीन बाया आत बसलो. दार लावलं.

आधी काहीच दिसेना. भट्टीत बसल्यासारखं होत होतं. मग हळूहळू ठिपके दिसायला लागले. मला वाटलं होतं एखाद-दुसरा असेल. ते पुष्कळ होते. आमच्याच हातचं काम होतं, आणि वरून मी त्याला पक्कं म्हटलं असतं. यशोदा इतकी वर्षं हे बघत होती आणि बाहेर आल्यावर फक्त म्हणायची, "चांगलं झालंय, थोडं राहिलंय."

नवसाबाईंनी बांबू उचलला. ठक.

"आलो!" वरून हनीफभाईचा आवाज. ठिपका विझला.

ठक. ठक-ठक. बाया सरसावल्या. "तिकडं, तिकडं चमकतंय बघा."

"आगं ती पाल हाय. पालीला काय ठोकती?"

वरून हनीफभाई ओरडला, "भाऊ, मूर्खाचा ठोका कुणी मारला?"

"मी न्हाय!" नवसाबाई म्हणाल्या आणि परत मारला.

बऱ्याच वेळाने मला वर काही दिसेनासं झालं. घाम डोळ्यांत जात होता. मी म्हणालो, "झालं वाटतं."

"नाय झालं," नवसाबाई म्हणाल्या. त्या जागा बदलून भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "हितं येऊन बसा. हितनं दिसतो."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. खरंच, दोन पत्र्यांच्या जोडात बारीक उजेड होता. उभ्याने तो दिसत नव्हता. यशोदा एका जागी बसत नसे, शेडभर फिरत असे, एवढं मला वरून ठोक्यांवरून कळायचं. का, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. ते मला त्या बाईने दाखवलं. मी बांबू मागून घेतला आणि माझा पहिला ठोका मारला. वर पावलं आली, थांबली, आणि तो उजेड गेला.

मग पूर्ण अंधार झाला. कुणी उठलं नाही. एक बाई म्हणाली, "बरं वाटतंय नाय?" मला बरं वाटत होतं.

नवसाबाईंनी दार उघडलं. हनीफभाई शिडीवरून उतरला, लाल झालेला, आणि एका दमात तांब्याभर पाणी प्यायला. नवसाबाई त्याला म्हणाल्या, "निफाडला माजी भन हाय. तिचा गोठा गळतोय. तिला पोरीच पोरी हायत, बसायला लय मानसं हायत."

मी नंबर लिहून घेतला आणि तिथूनच फोन लावला. पलीकडच्या बाईशी नीट बोललो. आधी वायसर बघा म्हणालो, मग कधी येऊ ते विचारलं. बोलणं लांबलं, तरी मी बोलत राहिलो.

फोन खिशात ठेवला तेव्हा सिन्नरला जाणाऱ्यांपैकी एक जण, केरू, गोणपाट पिळत उभा होता.

"काका," तो म्हणाला, "उद्या कुठं यायचं?"

"निफाड," मी म्हणालो. "सकाळी लवकर निघू."