बिडाचा की पोलादी

पातेल्यावरचं झाकण घसरून फरशीवर गरगरत राहिलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. बाप-लेक चहाच्या कपात तोंड खुपसून बसले होते.

"सूनबाई, तुझ्या नवऱ्याला सांग," सासरे म्हणाले, "इंजिनात बिडाचा क्रँक म्हणजे बिडाचा तवा. हातातून सुटला की दोन तुकडे. पोलाद कसं, मार खाईल पण मोडणार नाही."

"बाबांना सांग, क्रँक कुणी फरशीवर आपटत नाही," नवरा म्हणाला. "तेलात फिरतो तो. शाळेच्या गाडीला बीड पुरून उरेल. त्यांचा पोलादी दोनदा घासून झालाय, आता तिसऱ्यांदा घासून काय त्याची सुई करायचीय?"

"मी काय टपालखातं आहे?" ती कडाडली. "समोरासमोर बसलाय ना, बोला की एकमेकांशी!"

दोघांनी पुन्हा कप तोंडाला लावले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी तिची होती. तीच मुलांना शाळेत सोडायची. मागच्या शेडमध्ये त्या गाडीचं इंजिन पोट फाडून पडलं होतं, आणि सोमवारी गाडी रस्त्यावर आली नाही तर पालक दुसरी गाडी लावणार होते. "नाही जमलं तर सांगा हं," असं एक आई कालच गोड आवाजात म्हणाली होती. तो गोडवा तिला बरोबर कळला होता.

ती तरातरा शेडमध्ये गेली. मागोमाग दोघेही आले. सासऱ्यांनी जुना पोलादी आणि नवा बिडाचा, दोन्ही क्रँक दोरीला टांगले आणि हातोडीनं हळूच वाजवले. पोलाद टण्णकन वाजून घुमत राहिलं. बीड ठण् म्हणालं आणि गप्प झालं.

"ऐकलंस? आतून तडकलाय!"

"बाबा, बिडाचा आवाजच बसका असतो. देवळातली घंटा आहे का ती?"

"माझ्या कानांना शिकवू नकोस!"

"पुरे!" ती म्हणाली. तिनं दोन्ही क्रँकना रॉकेल चोपडलं, मुरू दिलं, मग ते कोरडे पुसले. लेकीच्या, टिकलीच्या दप्तरातला खडू कुटून वर भुरभुरला. ही रीत खुद्द सासऱ्यांनीच तिला शिकवलेली. भांडणाच्या नादात त्यांनाच त्या रीतीचा विसर पडला होता. फटीत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं.

बिडाचा क्रँक पिठात घोळल्यासारखा पांढराच राहिला. पोलादीच्या गोल मानेपाशी, अगदी कोपऱ्यात, केसाएवढी काळी रेघ उमटली.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. रेघेवरून अंगठा फिरवला. मग मुलाकडे वळून म्हणाले, "बसव तो बिडाचा. बोल्ट मी आवळतो, तुझा हात घाई करतो."

"आवळा," नवरा म्हणाला, आणि चक्क जागा करून दिली.

तिनं सुस्कारा सोडला. पदराला खडू लागला होता तो झटकला. सोमवार हातचा गेला नव्हता. इतका वेळ दारात उकिडवी बसून सगळं पाहणारी टिकली उठून तिला येऊन बिलगली. तिनं लेकीच्या केसांतून हात फिरवला.

"आई, आजोबांना तर वाजवूनसुद्धा कळलं नाही," टिकली म्हणाली. "मग आम्ही सगळे गाडीत असताना हा मोडणार असेल, तर तुला आधी कळेल ना?"